इंग्रजीच्या वाटेने आलेले जपानी शब्द : काही अर्थविपर्यास

(नालछा, जिल्हा धार येथे मराठी भाषक मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



धारहून मांडवगडाकडे निघालेला प्रवासी नालछ्याच्या परिसरात आला म्हणजे त्यास एक विलक्षण वृक्ष दिसू लागतो. बुंधा हत्तीच्या पोटासारखा फुगीर, फांद्या मात्र आखूड आणि वेड्यावाकड्या. पाने झडली म्हणजे कोणी झाड उलटे रोवून त्याची मुळे आकाशाकडे केली आहेत की काय, असा भास व्हावा. माळव्यातील लोक त्यास 'खुरासानी इमली' म्हणतात. मराठीत त्याचे नाव 'गोरखचिंच'. नावावरून या झाडाचे मूळ शोधू जाणाऱ्याची पुरती फसगत होते. खुरासान हा इराणच्या ईशान्येकडील व त्याला लागून असलेल्या अफगाण मुलखाचा प्रदेश. हा वृक्ष तेथला नव्हे, तो आफ्रिकेचा. तो चिंचही नव्हे. फळातील गर आंबट लागतो, एवढाच काय तो चिंचेशी संबंध. माळव्याच्या सुलतानांच्या अमदानीत पश्चिम समुद्रापलीकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर तो येथे आला असावा, असे सामान्यतः मानले जाते. 'खुरासानी' या विशेषणाने महाराष्ट्रातही असाच घोटाळा करून ठेवला आहे. कारळ्याच्या तेलबीस तेथे पुष्कळ ठिकाणी 'खुरासणी' म्हणतात आणि ती वनस्पतीही मूळची इथिओपियाकडील. इतकेच कशाला, इंग्रज ज्या चिंचेस 'टॅमरिंड' म्हणतो, तो शब्द अरबी 'तमर हिंदी' म्हणजे 'हिंदी खजूर' यावरून आलेला आहे. चिंच म्हणजे खजूर नव्हे, हे सांगावयास वनस्पतिशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही.

शब्द परमुलखातून येतो तेव्हा तो आपले मूळचे सामान सगळेच बरोबर आणत नाही. काही वाटेत टाकतो, काही वाटेत उचलतो. नालछा हे नावच पाहावे. तेराव्या शतकात आशाधर नावाचे जैन पंडित धारेहून येऊन येथे राहिले व त्यांनी येथे ग्रंथरचना केली. त्यांच्या ग्रंथांत या गावाचे नाव 'नलकच्छपूर' असे येते. लोकांच्या जिभेवर सातशे वर्षे घासून 'नलकच्छ'चे 'नालछा' झाले. त्यात कोणाचे काही बिघडले नाही. परंतु काही शब्द असे असतात की त्यांच्या अर्थातील घसरण माणसाच्या पोटापर्यंत आणि प्रसंगी जिवापर्यंत जाऊन भिडते. इंग्रजीच्या मार्गाने मराठीत आलेल्या जपानी शब्दांत अशी उदाहरणे अनपेक्षितपणे पुष्कळ सापडतात.

परकी शब्दांशी मराठीचा व्यवहार नवा नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला आणि तेराशेहून अधिक फारसी-अरबी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. तरीही धार व देवास येथील पवारांच्या दरबारी मोडी कागदांत दफ्तर, जमाबंदी, सनद, फडणीस हे शब्द नांदतच राहिले, कारण ते शब्द वापरणारी माणसे समोरासमोर होती. अर्थाबद्दल शंका आली तर शेजारच्या कारकुनास विचारता येई. जपानी शब्दांची गोष्ट निराळी. मराठी माणसाने ते जपान्याकडून घेतले नाहीत. इंग्रजाने, नंतर अमेरिकनाने ते जपान्याकडून घेतले, आपल्या कानास जुळतील असे कापले, आणि मग वर्तमानपत्रे, चित्रपट व कारखाने यांच्यामार्फत ते येथे पोहोचले. उष्ट्या ताटातील घास जसा कोणत्या पदार्थाचा हे सांगता येत नाही, तसे त्यांचे झाले आहे.

पहिला मान अर्थातच 'रिक्षा' या शब्दाचा. हा शब्द जपानी आहे, असे सांगितले तर आजही अनेकांस नवल वाटते, आणि त्या नवलास कारण आहे. मराठीने त्यास 'क्ष' हे जोडाक्षर बहाल केले, त्यामुळे 'रिक्षा' ही भिक्षा, दीक्षा, शिक्षा यांच्या पंगतीत जाऊन बसली आणि संस्कृतोद्भव दिसू लागली. मूळ जपानी शब्द 'जिनरिकिशा'. 'जिन' म्हणजे माणूस, 'रिकि' म्हणजे शक्ती, 'शा' म्हणजे गाडी. मिळून 'मनुष्यशक्तीची गाडी'. ही गाडी जपानात १८६९च्या सुमारास निघाली आणि १८७०मध्ये तोक्यो येथील सरकारने ती तयार करण्याचा परवाना इझुमी योसुके व त्यांचे दोन सहकारी यांना दिला. तेथून ती चीन, सिंगापूर, हिंदुस्थान अशी पसरली. येथे प्रथम शिमल्याच्या चढउतारांवर आणि नंतर कलकत्त्याच्या रस्त्यांवर ती दिसू लागली. इंग्रजांस 'जिनरिकिशा' हा उच्चार लांब वाटला. त्यांनी शब्दाचे डोके उडवले. जे डोके उडाले ते नेमके 'जिन', म्हणजे माणूस.

राहिला तो 'रिकिशा', म्हणजे नुसती 'शक्तीची गाडी'. शक्ती कोणाची, हे शब्द सांगेनासा झाला. त्यामुळेच पुढे या शब्दास कोणतीही शक्ती जोडता आली. पायाची शक्ती लागली तेव्हा 'सायकल रिक्षा' झाली. स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या नवलमल फिरोदियांनी माणसाने माणूस ओढण्याच्या प्रथेवर उपाय म्हणून तीनचाकी यांत्रिक वाहनाचा पाठपुरावा केला, तेव्हा 'ऑटोरिक्षा' हे नाव रूढ झाले. आणि आता विजेची शक्ती आली तेव्हा 'ई-रिक्षा'. जपानी अर्थाच्या दृष्टीने पाहता 'ऑटोरिक्षा' हा शब्द वाटतो तितका चुकीचा नाही, किंबहुना अत्यंत समर्पक आहे. विसंगत ठरतो तो 'हातरिक्षा'. मूळ शब्दात असलेला माणूस इंग्रजाने काढून टाकला. तो मराठीस 'हात' या रूपाने परत जोडावा लागला.

हा केवळ व्युत्पत्तीचा खेळ नाही, हे रायगड जिल्ह्यातील माथेरान येथे जाऊन पाहावे. त्या डोंगरी गावात मोटारवाहनांस मनाई आहे. २००३मध्ये तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. परिणामी एकविसाव्या शतकाची दोन दशके उलटली तरी तेथे माणसेच प्रवाशांस गाडीत बसवून लाल मातीच्या चढावर ओढत होती. शब्दातून माणूस गेला होता, कामातून गेला नव्हता. हे काम करणाऱ्या मंडळींनीच न्यायालयात धाव घेऊन ई-रिक्षाची मागणी केली. घोडेवाल्यांचा तीस विरोध होता, कारण त्यांचेही पोट त्याच रस्त्यावर होते. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने डिसेंबर २०२२मध्ये सात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. त्यामुळे 'रिक्षा बंद करा' आणि 'रिक्षा सुरू करा' या दोन्ही मागण्या एकाच तोंडून निघू लागल्या आणि त्या दोन्ही बरोबर होत्या! सरकारी कागदावर 'रिक्षा' एवढाच शब्द लिहून भागत नाही, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही. पुढे ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसास ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात आणि त्या ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करावे, असा आदेश दिला. तो देताना पंजाबमधील सायकल रिक्षाचालकांसंबंधीच्या १९८०च्या निकालाचे न्यायालयास स्मरण करावे लागले. मधे पंचेचाळीस वर्षे गेली होती.

दुसरा शब्द 'त्सुनामी'. २६ डिसेंबर २००४पूर्वी तो मराठीत भूगोलाच्या अभ्यासकांपुरताच होता; त्या एका दिवसाने तो घराघरांत पोहोचविला. सुमात्राजवळ समुद्रतळाशी झालेल्या प्रचंड भूकंपाने उठलेल्या लाटांनी हिंदी महासागराच्या काठावरील देशांत दोन लाखांहून अधिक माणसे घेतली. त्यांपैकी दहा हजारांहून अधिक भारतातील होती. वृत्तपत्रांनी हा शब्द 'सुनामी' असा छापावयास प्रारंभ केला. वस्तुतः इंग्रजी बोलणाऱ्यास शब्दारंभी 'त्स' उच्चारणे जड जाते, म्हणून तो 'त' गिळतो. ज्याच्या तोंडी उत्सव, मत्स्य, वत्स हे शब्द दिवसभर असतात, त्या मराठी माणसाने इंग्रजाची ही अडचण उसनी घेण्याचे काहीच कारण नव्हते. 'सुनामी' असे लिहिल्याने शब्दास 'सु' आणि 'नाम' यांचा भलताच मंगल वास येतो. दुसरी पुनरुक्ती 'सुनामी लाट' ही. 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामि' म्हणजेच लाट. 'बंदरलाट लाट' असे कोणी म्हणत नाही.

बंदरातील लाट असे नाव का पडले, याचे जे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. खोल समुद्रात ही लाट ताशी सात-आठशे किलोमीटर वेगाने धावते, पण तिची उंची हातभरही नसते. होडीखालून ती निघून गेली तरी कोळ्यास कळत नाही. मासे घेऊन तो घरी परततो आणि पाहतो तो बंदर उद्ध्वस्त झालेले. समुद्रावर काही दिसले नाही, बंदरात मात्र सर्व काही गेले. म्हणून ती बंदराची लाट.

इंग्रजीत या लाटेस दीर्घकाळ 'टायडल वेव्ह' म्हणत आणि त्याचा शब्दशः अनुवाद मराठीत 'भरतीची लाट' असा होई. हा अनुवाद नुसता सदोष नाही, तर घातक आहे. भरती-ओहोटी चंद्रसूर्याच्या आकर्षणाने होते. कोकणातील कोळी तिथीवरून तिची वेळ सांगतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण केव्हा येणार हे त्यास आगाऊ ठाऊक असते आणि त्याप्रमाणे तो होडी वर ओढून ठेवतो. समुद्रतळ हलल्याने उठणाऱ्या लाटेस तिथी नसते. शिवाय ती येण्यापूर्वी पुष्कळदा समुद्र आत ओसरतो. ज्याच्या मनात हिचे नाव 'भरती' असे आहे, तो ओसरलेल्या पाण्यास ओहोटी समजतो आणि उघड्या पडलेल्या तळावर शिंपले वेचावयास पुढे जातो. २००४मध्ये अनेक किनाऱ्यांवर हेच घडले. उधाण, भरती आणि त्सुनामी या तीन शब्दांच्या सीमा किनाऱ्यावरील शाळेत पहिल्या प्रथम शिकविल्या पाहिजेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यास हा धोकाच नाही, असे समजणाऱ्यांनी नोव्हेंबर १९४५ आठवावा. मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाने उठलेल्या लाटा तेव्हा थेट मुंबईपर्यंत आल्या होत्या आणि मुंबईतही काही माणसे दगावली होती. तेव्हा त्या लाटांस काय म्हणावे, हे कोणास ठाऊक नव्हते, म्हणूनही असेल, ती आठवण लवकर पुसली गेली. २००७पासून हैदराबाद येथे या लाटांची पूर्वसूचना देणारे केंद्र काम करीत आहे. सूचना वेळेवर येईल. ती ऐकणाऱ्यास शब्दाचा अर्थ कळला पाहिजे.

'हाराकिरी' या शब्दाने मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर मुक्काम ठोकला आहे. फलंदाजाने बेजबाबदार फटका मारून बळी दिला की त्याने 'हाराकिरी केली' असे छापून येते. येथे कानाने मनास फसविले आहे. 'हारा' ऐकताच मराठी वाचकास 'हार' म्हणजे पराजय आठवतो आणि 'हार ओढवून घेणे ती हाराकिरी' असा अर्थ आपोआप बसतो. जपानीत 'हारा' म्हणजे पोट आणि 'किरी' म्हणजे कापणे. शिवाय जपानी माणूस गंभीर प्रसंगी हा शब्द सहसा वापरत नाही. तो 'सेप्पुकु' म्हणतो. गंमत अशी की दोन्ही शब्दांत चित्राक्षरे तीच, केवळ क्रम उलटा. एकाचे वाचन देशी, दुसऱ्याचे चिनी वळणाचे. मराठीत 'पोट फाडणे' आणि 'उदरच्छेद' यांत जो फरक जाणवेल, तोच येथे आहे. सामुराई वर्गात हा शिक्षेचा व प्रायश्चित्ताचा एक कठोर विधी होता. शिक्षा म्हणून तो १८७३मध्ये बंद करण्यात आला. एका माणसाच्या अशा मरणाचे नाव झेलबाद होण्यास द्यावे, हे भाषेच्या दृष्टीने चूक आणि माणुसकीच्या दृष्टीने उणे आहे. 'बळी बहाल केला' ही मराठी शब्दयोजना असताना त्याची गरजही नाही.

याच शब्दाशी 'कामिकाझे'ची गल्लत होते. 'कामि' म्हणजे देव, 'काझे' म्हणजे वारा. १२७४ आणि १२८१ या वर्षी मंगोल आरमारांनी जपानवर स्वारी केली, तेव्हा वादळांनी त्या आरमारांची वाताहत केली. त्या देवाच्या वाऱ्याचे हे नाव. पुढे १९४४मध्ये शत्रूच्या जहाजांवर विमानासह स्वतःस आदळविणाऱ्या पथकांस तेच नाव देण्यात आले. त्याचे औपचारिक वाचन 'शिम्पू' असे होते. 'कामिकाझे' हे वाचन जगभर झाले. हाराकिरीत माणूस स्वतःवर शस्त्र धरतो. कामिकाझेत तो स्वतःच शस्त्र होतो. दोन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरता येण्यासारखे नाहीत.

'टायकून' या शब्दाचा इतिहास मराठी माणसास इतरांपेक्षा लवकर समजावा. मोठ्या उद्योगपतीस हल्ली 'टायकून' म्हणतात. मूळ शब्द 'ताइकुन', म्हणजे 'महाप्रभू'. १८५३मध्ये अमेरिकन नौदलाचा पेरी जपानच्या किनाऱ्यावर आला, त्या काळात जपानात सम्राट क्योतोस होते आणि राज्यकारभार एदो येथून शोगुन चालवीत होते. सातारा आणि पुणे यांचे नाते ज्यास ठाऊक आहे, त्यास यापेक्षा अधिक सांगणे नलगे. 'शोगुन' या शब्दाचा अर्थही सेनापती असाच. परकीयांशी पत्रव्यवहार करताना नुसता 'सेनापती' शोभेना, म्हणून 'ताइकुन' ही पदवी पुढे करण्यात आली. अमेरिकेत अब्राहम लिंकन यांचे चिटणीस त्यांना खासगीत गमतीने 'टायकून' म्हणत. विसाव्या शतकात तो शब्द पैसेवाल्यांकडे गेला. जपानात मात्र व्यापारी हा त्या काळच्या समाजरचनेत सर्वांत खालच्या पायरीवर मानला जाई. महाप्रभूची पदवी अखेर त्यालाच मिळाली, हा काळाचा विनोद म्हणावयाचा. मराठीत 'उद्योगपती' हा स्वच्छ शब्द असताना 'टायकून' लिहिण्याने लेखकाच्या इंग्रजी वाचनाखेरीज दुसरे काही सिद्ध होत नाही.

'गेशा' या शब्दावर इंग्रजीने जो अन्याय केला, त्यास मराठीत तंतोतंत जोड आहे. 'गेइ' म्हणजे कला, 'शा' म्हणजे व्यक्ती. गायन, वादन, नृत्य व संभाषण यांचे दीर्घ शिक्षण घेतलेली ही स्त्री. परकी सैनिक व प्रवासी यांनी वेश्या आणि गेशा यांत भेद केला नाही आणि इंग्रजीतून तोच अर्थ सर्वत्र गेला. मराठीत 'कलावंत' हा पुरुषवाचक शब्द गौरवाचा राहिला, परंतु त्याचेच स्त्रीलिंगी रूप 'कलावंतीण' याचे काय झाले, हे सर्वांस विदित आहे. लावणीच्या फडातील स्त्रियांना त्या शब्दाची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजावी लागली. अशा शब्दाचा अनुवाद करणाऱ्याने लेखणी जपून चालवावी.

कारखान्यांतून आलेला 'कायझेन' हा शब्द ऐकून काही मंडळींस त्यात 'झेन' पंथाची ध्यानधारणा दिसते. उच्चार सारखा असला तरी अक्षरे निराळी. 'काइ' म्हणजे बदल आणि येथील 'झेन' म्हणजे चांगले; 'कायझेन' म्हणजे साधी 'सुधारणा'. बौद्ध पंथाचा 'झेन' मात्र खरोखर या भूमीतील आहे. संस्कृत 'ध्यान', प्राकृत 'झाण', चीनमध्ये 'चान' आणि जपानात 'झेन'. शब्द घरचाच, पण तो इंग्रजीच्या दाराने परत आला, म्हणून कोणी ओळखला नाही.

या देवाणघेवाणीचा याहून सखोल पुरावा जपानी वर्णक्रमात आहे. जपानी मूल आपली अक्षरे अ, इ, उ, ए, ओ अशा क्रमाने शिकते आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असे वर्ग येतात. यातील 'ह'चा उच्चार प्राचीन काळी 'प' होता, हे एकदा कळले म्हणजे कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत जाणारा आणि नंतर अंतःस्थांकडे वळणारा संस्कृत वर्णमालेचा क्रम स्पष्ट दिसतो. बौद्ध भिक्षूंनी मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा जो अभ्यास केला, त्याचे हे फळ. धार येथे भोजशाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत सर्पाकृतीत कोरलेली वर्णमाला आहे. ती पाहणाऱ्याने क्षणभर मनात आणावे की, याच मांडणीची एक शाखा समुद्रापार क्योतोपर्यंत गेलेली होती.

मराठी साहित्यात सर्वाधिक आदराने आलेला जपानी शब्द 'हायकू'. शिरीष पै यांनी हा काव्यप्रकार मराठीत रुजविला. तीन ओळी आणि पाच-सात-पाच अक्षरे, एवढी त्याची व्याख्या सर्वांस पाठ असते. मात्र येथेही इंग्रजीने एक गाठ मारून ठेवली आहे. इंग्रजीत 'सिलॅबल' मोजतात, म्हणून मराठीत 'अक्षरे' मोजली जाऊ लागली. जपानी कवी जे मोजतो ते अक्षर नव्हे. ते मराठी छंदःशास्त्रातील मात्रेच्या अधिक जवळ आहे. जपानच्या राजधानीचे नाव घ्यावे. 'तोक्यो' यात मराठी वाचकास दोन अक्षरे दिसतात. जपानी कान तेथे चार मोजतो, कारण दोन्ही स्वर दीर्घ आहेत. मराठी पिंगळाप्रमाणे मात्रा मोजल्या तर त्याही चारच भरतात. इंग्रजाजवळ मात्रा नव्हती. मराठीजवळ ती होती, आर्या आणि दिंडीच्या काळापासून होती. तरी इंग्रजाचे माप घेऊन मराठी हायकू शिवले गेले. त्याने सुंदर कविता झाल्या, हे निःसंशय. परंतु पाच-सात-पाच अक्षरे भरली नाहीत म्हणून एखाद्या नवोदिताची कविता परत पाठविणाऱ्या संपादकाने एवढे ध्यानात घ्यावयास हरकत नाही. आणखी एक सांगावयाचे म्हणजे, ऋतूचा निर्देश हा हायकूचा परंपरागत गाभा होय. त्याच आकारात माणसाच्या स्वभावावर मिस्कील टिप्पणी केली तर जपानी तिला 'सेन्र्यू' म्हणतात. मराठीत हायकू म्हणून छापल्या जाणाऱ्या पुष्कळ रचना खरे पाहता सेन्र्यू आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. 'हायकू' हे नावही फार जुने नव्हे. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकी यांनी रूढ केले. सतराव्या शतकातील बाशो आपल्या रचनेस 'होक्कु' म्हणत.

काही किरकोळ गोंधळ ओझरते नोंदविणे पुरे. 'बोन्साय' ही झाडाची खुजी जात नव्हे. 'बोन' म्हणजे तबक, 'साय' म्हणजे लागवड. तबकातून काढून रानात लावले तर तेच झाड मोठे होऊ शकते. 'बान्झाय' हा त्याच्याशी संबंध नसलेला जयघोष. त्याचा शब्दार्थ 'दहा हजार वर्षे'. 'कराटे'तील 'कारा' आणि 'काराओके'तील 'कारा' एकच, अर्थ 'रिकामा'. पहिल्यात हात रिकामे, दुसऱ्यात वाद्यवृंदाची जागा. 'ओके' हे 'ऑर्केस्ट्रा'चे जपानी लघुरूप, म्हणजे अर्धा शब्द इंग्रजीचाच माहेरी परत आला. भ्रमणध्वनीवरील 'इमोजी'चा इंग्रजी 'इमोशन'शी काही संबंध नाही. 'ए' म्हणजे चित्र, 'मोजि' म्हणजे अक्षर. 'साके' म्हणजे जपानीत कोणतेही मद्य. तांदळाच्या एका विशिष्ट मद्यापुरता तो अर्थ परदेशात आकसला. फारसीत औषधास 'दारू' म्हणतात, हे स्मरणात ठेवून मराठी माणसाने यास हसावे. आणि 'सुडोकू' हे कोडे आजच्या रूपात हॉवर्ड गार्न्स या अमेरिकनाने रचले. ते १९७९मध्ये तेथे छापले गेले. जपानने त्यास १९८४च्या सुमारास फक्त नाव दिले.

राहता राहिला एक शब्द, जो जपानी वाटतो आणि जपानी नाही. १९९४मध्ये बाजारात आलेली आणि २०१९पर्यंत तयार होत असलेली 'सुमो' ही गाडी खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर, दहा-बारा माणसे कोंबून, वर्षानुवर्षे धावली. तिचा धिप्पाड आकार पाहून जपानी मल्लावरून हे नाव आले, असा सर्वत्र समज आहे. एक तर जपानीत 'सुमो' म्हणजे ती कुस्ती. मल्लास 'रिकिशी' म्हणतात, आणि त्यातील 'रिकि' म्हणजे रिक्षातीलच ती शक्ती. दुसरे असे की गाडीचे हे नाव टेल्को कारखान्याच्या उभारणीत आयुष्य वेचलेल्या एका मराठी अभियंत्याच्या स्मरणार्थ ठेवण्यात आले. सुमंत मुळगावकर १९८९मध्ये निवर्तले. त्यांच्या नावाचा 'सु' आणि आडनावाचा 'मो', इंग्रजीत 'मुळगावकर' असा लिहितात त्यातला, एवढेच त्या शब्दात आहे.